अहिरे सरांची फायनल

अहिरे सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात. आधी पायांकडे.

मी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. पुस्तकांची ढकलगाडी घेऊन व्हरांड्यातून चालले होते. फरशी गुळगुळीत आणि पुढे थोडा उतार. गाडी हातातून सुटली आणि निघाली. मी पळत जाऊन डावा पाय आडवा घातला आणि ती थांबवली. पाठीमागून कुणीतरी जोरात म्हणालं, "वा! डावा आहे!"

वळून बघितलं तर निळा ट्रॅकसूट घातलेले, टक्कल पडलेले एक गृहस्थ माझ्या चपलेकडे एकटक बघत उभे.

"काय डावा आहे?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"पाय हो, ताई! आपसूक डावा पुढे आला तुमचा. डाव्या पायाचं माणूस शोधता शोधता माझे केस गेले. आणि मिळालं ते कुठं, तर लायब्ररीत!" त्यांनी हळहळून मान हलवली आणि निघून गेले. नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही.

हे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच, भगवान अहिरे. मी मूळची अमळनेरची, ते शहाद्याकडचे. त्यांचे वडील लूम कारखान्यात लागले म्हणून ते लहानपणीच सुरतेला आले आणि नवागामात वाढले. आम्ही दोघंही खान्देशातले निघालो म्हटल्यावर मी त्यांची कायमची 'ताई' झाले. वयाने मी त्यांच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान, पण त्याला इलाज नव्हता.

पायांकडे बघायची सवय त्यांना कुठेही सोडत नाही. लग्नात नवरदेव बोहल्याकडे निघाला की सगळे त्याचा फेटा बघतात, हे बूट बघतात. "गुडघे आत घेतो चालताना. स्वभाव भित्रा असणार," असं एकदा त्यांनी मुलीच्या मामाच्या शेजारी बसून सांगितलं होतं. आमच्या प्राचार्य देसाई साहेबांना एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "साहेब, तुमचा तोल मागे जातो. धक्का लागला तर पडाल." साहेबांना वाटलं, ट्रस्टमध्ये काहीतरी शिजतंय. पुढचे पंधरा दिवस ते सगळ्यांशी फार गोड वागले.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस फुटबॉलचा मोठा खेळाडू असणार. तर तसं नाही. अहिरे सर आयुष्यात फुटबॉलची एकही मॅच खेळलेले नाहीत. ते कबड्डीचे. कॉलेजला शारीरिक शिक्षणाचा माणूस हवा होता, तेव्हा हे मुलाखतीला गेले. ट्रस्टचे तेव्हाचे अध्यक्ष नुकतेच मुलाकडे परदेशात राहून आले होते. तिथल्या कॉलेजात हिरव्यागार मैदानावर मुलं फुटबॉल खेळताना त्यांनी पाहिली होती आणि तशीच मुलं त्यांना इथेही हवी होती.

"फुटबॉल आवडे छे?" अध्यक्षांनी विचारलं. म्हणजे फुटबॉल येतो का?

"साहेब, बॉल दिसला की राहवत नाही," अहिरे सर म्हणाले.

नोकरी मिळाली. आता शिकवणं आलं. नवागामात त्यांच्या शेजारच्या खोलीत भरतकाम करणारे बंगाली कारागीर राहायचे. त्यातले एक निमाईदा. त्यांनी साडीच्या रिकाम्या खोक्यावर बटणं मांडून अहिरे सरांना फुटबॉल शिकवला. त्यामुळे सर अजूनही 'गोल'ला बंगाली थाटात लांबलचक 'गोऽऽल' म्हणतात. बाकीचा अभ्यास त्यांनी कॉलेजच्या लायब्ररीत केला. लायब्ररीत फुटबॉलवर एकच पुस्तक होतं आणि त्यातलं बचावाचं प्रकरण वाळवीने खाल्लेलं होतं. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. आमच्या टीमचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने ते उघडून बघावं. चढाईवर ऐंशी पानं, त्यानंतर थेट परिशिष्ट.

मैदानाचीही गंमतच. ते मुळात क्रिकेटचं. मधोमध खेळपट्टी, तिला चारी बाजूंनी दोरी, आणि तिच्यावर पाऊल टाकलं की माळी ओरडणार. अहिरे सरांची मुलं वर्षभर दोरीच्या कडेकडेने खेळायची. परिणाम असा की बाहेरच्या मैदानावर मॅच असली तरी आमची मुलं मधल्या भागात पायच ठेवायची नाहीत. बॉल घेऊन थेट पुढे जायचं सोडून अदृश्य दोरीला वळसा घालायची. समोरच्या टीमला पहिली दहा मिनिटं वाटायचं, हा काहीतरी नवीन डाव आहे. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते मधून सरळ येऊन गोल करून जायचे.

सरांच्या मैदानावरच्या भाषेला काही एक नाव नाही. मुलं भेस्तान, डिंडोली, नवागामकडची, बहुतेक लूम कामगारांची. आपसात हिंदी बोलणार, दुकानात गुजराती, घरी अहिराणी. सर सगळ्यांचं एकत्र कालवण करायचे. "पास कर, अल्या! जल्दी! काय देखी ऱ्हायना? पय रे, पय!" डावपेच मात्र शुद्ध अहिराणीत, समोरच्याला कळू नयेत म्हणून. एकदा त्यांनी बाहेरून आरोळी ठोकली, "त्या लांब पोऱ्याले दम नही शे, तथाच पया!" म्हणजे त्या उंच मुलाला दम नाही, त्याच्याच बाजूने पळा. समोरच्या टीममधला तो उंच मुलगा थांबला, वळला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, माले दम भरपूर शे. मी बी धुळानाच." त्याने त्या मॅचमध्ये आम्हाला दोन गोल मारले. सर नंतर त्याची चौकशी करत होते. कुठल्या गल्लीतला, कोणाचा, आमच्या कॉलेजात येतोस का.

खेळाडू शोधायची त्यांची पद्धतच अशी. सुरतेत व्यापाऱ्यांच्या घरातली मुलं फुटबॉलसाठी पाय झिजवायला येत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. मग ते गावभर पाय बघत फिरू लागले. धावत्या रिक्षात उडी मारून बसणारा एकजण त्यांनी विंगला खेळवला. वरातीत बँडपुढे तासभर न थकता नाचणाऱ्याला त्यांनी तिथेच फॉर्म दिला. मॅचच्या दिवशी मुलांनी गाडीवरचा लोचो, म्हणजे तो वाफवलेला डाळीचा सुरती पदार्थ, खायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. "लोचो खाऊन आलात की मैदानावर लोचाच होतो," हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं असेल. ते स्वतः मात्र सामन्याच्या आधी कोपऱ्यावर जाऊन एक प्लेट खाऊन यायचे. "मला कुठं पळायचंय?"

एवढं सगळं करून आम्ही दरवर्षी पहिल्या फेरीत हरायचो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी खवचटपणे विचारायचंच, "काय अहिरे सर, काय झालं?"

"चांगले हरलो," सर म्हणायचे.

त्यांच्या लेखी हरण्याचे प्रकार होते. खेळून हरलो तर चांगले हरलो. भिऊन हरलो तर वाईट हरलो. आणि मॅच संपायच्या आत आपापसात भांडलो, तर ते हरणंसुद्धा नाही, ती नुसती फजिती. वीसेक वर्षांत त्यांनी फजिती फार थोड्या वेळा होऊ दिली.

मग गोकुळ आला.

गोकुळ पाटील सरांना रिंग रोडच्या कापड मार्केटात सापडला. बहिणीच्या साडीसाठी सर तिथे गेले होते. साडी राहिली बाजूला. टेम्पोवर उभा राहून एकजण कापडाचे ताके खाली फेकत होता आणि खाली एक काटकुळा मुलगा ते झेलत होता. डावीकडे आला, झेलला. डोक्यावरून चालला, उडी मारून झेलला. एकही ताका जमिनीला लागला नाही. सर पाऊण तास बघत राहिले. मग त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, "बारावी झालीय का?"

"झालीय. का?"

"चल."

गोकुळने दुपारचं काम ठेवलं आणि सकाळी कॉलेजात येऊ लागला. वडील नवागामातल्या लूमवर. घर म्हणजे एक खोली, रात्रपाळीचे दिवसा झोपणार आणि दिवसपाळीचे रात्री. अभ्यासाला जागा नाही म्हणून तो लायब्ररीत बसायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर, पंख्याखाली. मला वाटायचं, झोपत असेल. पण तो वाचायचा, आणि पुस्तक वेळेवर परत करायचा. माझ्या नोकरीत असे विद्यार्थी बोटावर मोजण्याइतके.

तिसऱ्या वर्षाला गोकुळ होता तेव्हा आमची टीम पहिली फेरी जिंकली. दुसरीही जिंकली. सेमीफायनल पेनल्टीवर गेली आणि गोकुळने दोन अडवल्या. कॉलेजात उत्सव झाला. ज्यांना फुटबॉलमध्ये किती खेळाडू असतात हे माहीत नव्हतं असे प्राध्यापक 'आपली टीम' म्हणू लागले. देसाई साहेबांनी फायनलसाठी बस जाहीर केली आणि फटाके आणायची जबाबदारी कॉमर्स विभागावर टाकली. अहिरे सरांनी नवा ट्रॅकसूट शिवला. तो जुन्यासारखाच निळा होता, पण नवा होता.

आणि तेव्हाच माझ्या टेबलावर एक यादी आली.

आमच्याकडे माणसं कमी, त्यामुळे लायब्ररीबरोबर मुलांच्या नोकऱ्यांचं कामही माझ्याच गळ्यात होतं. इच्छापोरच्या एका कारखान्याने आमच्या मुलांची लेखी परीक्षा घेतली होती. एक वर्ष शिकाऊ, काम चांगलं असेल तर पुढे कायम. मुलाखतीला निवडलेल्यांत गोकुळचं नाव पहिलं. मुलाखतीची तारीख आणि फायनलची तारीख एकच. वेळही सकाळचीच.

मी कारखान्यात फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, एकासाठी तारीख बदलली तर सगळ्यांसाठी बदलावी लागेल." सरांनी स्पर्धेच्या समितीला विचारलं. तिकडूनही तेच उत्तर आलं.

गोकुळ मात्र शांत होता. लायब्ररीत येऊन म्हणाला, "मॅडम, त्या यादीतून माझं नाव काढा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नोकऱ्या काय, निघत राहतात. फायनल परत येणार नाही." मग जरा लाजून म्हणाला, "सरांनी एकदा तरी कप हातात धरलेला बघायचाय. माझ्यासाठी नाही हो, सरांसाठी खेळतोय मी."

मी नाव काढलं नाही. सरांना जाऊन सांगितलं. ते स्टाफरूममध्ये डबा खात होते. कळण्याची भाकरी हातात तशीच राहिली.

"माझ्यासाठी म्हणाला?"

"हो."

"मग झालं का!" ते म्हणाले. "मीच बिघडवलं त्याला."

त्या संध्याकाळी ते नवागामात गोकुळच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. तासभर समजावलं. वडील म्हणत होते, "सर, तुम्ही म्हणाल तसं." पण गोकुळ हलायला तयार नव्हता. "मी म्हणालो, बाबा रे, मला नको फायनल. तर हसायला लागला. त्याला दिसतंय ना ताई, मला फायनल किती हवीय ते! माझं तोंडच असं आहे, काही लपत नाही. मी 'नको' म्हणतो आणि नवा ट्रॅकसूट घालून म्हणतो."

फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी मी लायब्ररीच्या खिडकीशी उभी होते. खाली मैदानावर टीम गोलाकार उभी होती. सरांनी जुना ट्रॅकसूट घातला होता.

"उद्या गोलमध्ये ध्रुव," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. ध्रुव हा आमचा राखीव गोलकीपर. गोड मुलगा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून तो टीममध्ये आला होता आणि बॉल जवळ आला की डोळे मिटायचा. सगळ्यांत आधी तोच घाबरला. "सर, हूं? ना ना सर, हूं नहीं!"

"आणि मी?" गोकुळने विचारलं.

"तू नाहीस टीममध्ये."

"का?"

"डोक्यात हवा गेलीय तुझ्या. सोमवारी प्रॅक्टिसला उशिरा आलास. माझ्या टीममध्ये असं चालत नाही."

"सर, सोमवारी बाबांना दवाखान्यात..."

"कारणं नकोत."

एक मुलगा काहीतरी बोलू गेला, सरांनी हाताने त्याला गप्प केलं. गोकुळचा चेहरा मला वरूनही दिसत होता. आधी त्याला ही मस्करी वाटली. मग हळूहळू वाटेनाशी झाली.

"ध्रुवचे काका ट्रस्टमध्ये आहेत. म्हणून ना?"

सर त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"बोला ना! म्हणूनच ना?" त्याचा आवाज फाटला. "तुम्ही कधी फुटबॉल खेळलात का हो, सर? एक मॅच तरी?"

"नाही खेळलो," अहिरे सर म्हणाले.

"मग तुम्हाला काय कळणार!"

गोकुळने ग्लोव्ह्ज काढले, सरांच्या अंगावर फेकले आणि फाटकातून निघून गेला. सरांनी ते उचलले, माती झटकली आणि ध्रुवच्या हातात दिले.

दहा मिनिटांनी ते वर आले. कूलरचं दोन ग्लास पाणी प्यायले. मग माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाले, "ताई, तासाभराने त्याला फोन करा. म्हणावं, यादीत नाव अजून आहे, जायचं असेल तर जा. मी सांगितलं म्हणू नका. आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स दोन-दोन न्यायला सांगा. पोरं एकच नेतात."

"सर, तुम्ही त्याला खरं कारण..."

"खरं सांगितलं तर तो उद्या मैदानावर येऊन उभा राहील. रागावला तरच जाईल. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

मी फोन केला. गोकुळ कडवटपणे म्हणाला, "जातो मॅडम. इथं कुणाला गरज आहे माझी?"

फायनलला मी बसमधून गेले. सगळं कॉलेज होतं. ध्रुवबद्दल मला काही वाईट लिहायचं नाही, कारण मुलगा शेवटपर्यंत गोलमध्ये उभा राहिला, हीच मोठी गोष्ट. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल झाले. तिसरा झाला तेव्हा कॉमर्स विभागाने फटाक्यांची पिशवी बसमध्ये नेऊन ठेवली. सर बाहेर उभे होते, पण त्यांचं लक्ष मैदानावर कमी आणि माझ्याकडे जास्त. दर पाच मिनिटांनी भुवया उडवून विचारायचे. मी 'अजून नाही' अशी मान हलवायचे. शेजारच्या प्राध्यापिका मला विचारू लागल्या, "तुमचं काही चाललंय का?"

हाफ टाइमनंतर थोड्या वेळाने माझ्या फोनवर मेसेज आला. 'सिलेक्शन झालं मॅडम. सोमवारपासून.'

मी उठून सरांकडे गेले आणि फोन पुढे धरला. चष्मा त्यांनी आणला नव्हता. "मोठं करा, मोठं करा," म्हणाले. मी अक्षरं मोठी केली. त्यांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग फोन माझ्या हातात दिला, मैदानाकडे वळले आणि दोन्ही हात वर करून अशा आनंदाने ओरडले की समोरच्या टीमचा कोचही दचकला.

"काय देखी ऱ्हायना रे? पया! पया, मना वाघ होऽऽ!"

आम्ही तेव्हा चार गोलांनी मागे होतो. देसाई साहेब माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "आने कंई थयुं छे के?" म्हणजे याला काही झालंय का?

शेवटी पाच-शून्य. शेवटच्या मिनिटाला एक बॉल ध्रुवच्या तोंडावर आदळून बाहेर गेला. तो सहावा गोल झाला असता. सरांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. ध्रुव नाक दाबून रडत होता आणि हसतही होता. उपविजेत्यांची ढाल सरांनी दोन्ही हातांनी घेतली आणि बसमध्ये मांडीवर ठेवली. कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. "अहिरेभाई, तमे आ शुं कर्युं?" हे काय केलंत, म्हणून लेखी खुलासा मागितला. सरांनी एका ओळीत दिला, 'निर्णय माझा होता.' ट्रस्टच्या काकांचं कॉलेजभर पसरलं. ते काका बिचारे आयुष्यात कुणासाठी शब्द न टाकणारे. त्यांनीही सरांशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी टीमला मुलं मिळेनात. जुनी मुलं व्हरांड्यात दिसली की मोबाइलमध्ये बघायची. सर त्यांच्या पायांकडे बघत बाजूने जायचे. मला दोन-तीनदा राहवलं नाही, पण मी बोलायला तोंड उघडलं की ते विषय बदलायचे. "ताई, त्या नव्या शिपायाचा उजवा पाय बघितला का? काय सुंदर आहे!"

वर्ष उलटलं. एका दुपारी गोकुळ लायब्ररीत आला. प्रमाणपत्रासाठी कुठलंही पुस्तक बाकी नसल्याचा माझा शिक्का हवा होता. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. खांदे भरले होते. वडिलांनी लूम सोडली, ऐकू कमी येतं, पण आता घरीच असतात, म्हणाला. दोन खोल्यांचं घर घेतलंय भाड्याने, डिंडोलीला. मी शिक्का मारत होते.

"तुमचे ते अहिरे सर आहेत अजून?" त्याने खिडकीकडे न बघता विचारलं.

"आहेत की."

"कुणाच्या पुतण्याला खेळवतात हल्ली?"

शिक्का माझ्या हातात होता. सरांना दिलेला शब्दही होता. मी शिक्का खाली ठेवला आणि म्हटलं, "गोकुळ, त्या दिवशी 'झेरॉक्स दोन-दोन घेऊन जा' असं तुला कोण म्हणालं?"

"तुम्ही."

"मी कशाला म्हणेन? मला सुचलंसुद्धा नसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी सगळं सांगितलं. डबा, भाकरी, जुना ट्रॅकसूट, मोठी केलेली अक्षरं. त्याने कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. मला वाटलं, आता खाली मैदानावर जाईल. सर तिथेच होते. पण तो सरळ फाटकातून बाहेर पडला. आपण उगीच बोललो, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

पुढच्या शुक्रवारी अहिरे सर लायब्ररीत आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"ताई, तुम्ही सांगितलंत त्याला."

"हो. रागवा हवं तर."

ते रागावले नाहीत. टेबलावरच्या पुस्तकाचा कोपरा नीट करत राहिले. "काल मी इच्छापोरला होतो. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे?"

"गुरुवारी आपली प्रॅक्टिस नसते ना. जातो मी. त्याच्या कारखान्याच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे एक टपरी आहे. तिच्या आडोशाला बसतो. तीनला पाळी सुटते. त्याची पाळी बदलत असते, कधी दिसतो, कधी नाही. दिसला की बघायचं आणि रिक्षा पकडून परत यायचं."

"वर्षभर?"

"सुरुवातीला नुसतं बघायला गेलो होतो, नीट लागलाय का कामाला ते. मग सवय लागली." ते ओशाळे झाले. "काल सुटला तो मित्रांबरोबर. मी बसलो नेहमीच्या जागी. तर मित्रांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. रस्ता ओलांडला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा! मला पळायलासुद्धा जागा नाही. मागे गटार."

"मग?"

"म्हणाला, सर, दर गुरुवारी तुम्ही इथं बसता ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. मला वाटायचं, माफी मागायला येता आणि धीर होत नाही. म्हणून मी मुद्दाम मान वळवून जायचो." अहिरे सरांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला. "मग बाकावर शेजारी बसला आणि दोन चहा सांगितले."

"आणि काय बोललात?"

"काही नाही. काय बोलणार? चहा प्यायलो." ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि दाराशी जाऊन थांबले. "पण चहा काय चांगला आहे हो ताई तिथला! आलं घालतो, थोडी गवती चहाची पात घालतो. वर्षभर जातोय मी त्या टपरीवर, कधी लक्षातच आलं नाही."